गोगलगाय दिसेपर्यंत

पुंता अरेनासमध्ये वारा सुट्टी घेत नाही.
शहरात चौकाचौकात दोर बांधलेत
माणसांनी धरून रस्ता ओलांडायला.
इथे विमानांपाशी दोर नाहीत.
इथे आम्ही एकमेकांना नजरेनं धरतो.

मी यास्ना. उजव्या पंखाखालची.
पंखाच्या टोकासोबत चालायचं
आणि ते कशाला लागणार नाही एवढं बघायचं:
शिडी, इंधनाची गाडी, कुणाचं तरी डोकं.
दिवा उंच धरला की वाट मोकळी.
दोन्ही दिव्यांची फुली केली की थांब,
मग आत कॅप्टन असो नाहीतर बिशप.

समोर नीबाल्दो, चिलोए बेटावरचा.
पूर्वी खेकड्यांच्या बोटीवर होता,
जाळ्याचा दोर ओढणाऱ्या यंत्रात
डाव्या हाताची दोन बोटं राहिली.
नव्या पोरांना तो नियम वाचून दाखवत नाही.
हातमोजा काढतो
आणि म्हणतो, मोज.

लिसांद्रोनं मोजली. एकोणीस वर्षांचा, तिसरा दिवस.
मग विचारलं, इंजिन बंद झालं हे कळतं कसं?
कानाला कळत नाही, पोरा.
कानावर जाड वाट्या, वाट्यांवर वारा,
चालू इंजिन आणि बंद इंजिन
इथे एकाच आवाजात बोलतात.
मध्ये बघ. पात्यांच्या मधल्या बोंडावर
पांढरा वळसा रंगवलाय.
फिरताना नुसतं ताक घुसळल्यासारखं.
मंदावलं की गोगलगाय दिसते.
ती दिसली पाहिजे,
विमानाच्या पोटाखालचा तांबडा दिवा विझला पाहिजे,
आणि मी बोट वर केलं पाहिजे.
तिन्ही. मगच ठोकळा उचलायचा.

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात,
हिच्या पोटात तर
अख्खा माणूस मावतो, बुटांसकट.

मंगळवारी सांतियागोचं विमान, वीस मिनिटं उशिरा.
पुढचं चाक पिवळ्या रेघेवर थांबलं.
डावं इंजिन निवलं.
उजवं चालूच, कारण विमानाचं स्वतःचं जनित्र बिघडलेलं
आणि जमिनीवरची केबल अजून लागायची होती.
आत लोक उठले असतील,
डोक्यावरच्या पिशव्या ओढत,
एकमेकांच्या पायांवर पाय देत.

लिसांद्रोच्या खिशातून टोपी उडाली.
निळी, लोकरीची, घरी विणलेली;
विकतच्या टोपीमागे कुणी असं धावत नाही.
एक पाऊल.
दोन.
मी त्याचं चमकतं जॅकेट धरलं,
ते टरकन सुटून माझ्या हातात आलं.
(ते सुटावं म्हणूनच तसं शिवतात,
हे मीच त्याला सोमवारी शिकवलं होतं.)
मग पट्टा.
पट्ट्याला लटकले म्हणा ना.
दोघं काँक्रीटवर आडवे,
माझी कोपरं सोललेली,
त्याचं तोंड उघडं, आवाज कुठेच नाही.

टोपी गेली.
ज्या सहजपणे आपण श्वास घेतो
तितक्या सहज.

नीबाल्दोच्या दिव्यांची फुली मात्र जराही हलली नव्हती.

परतीचं उड्डाण रद्द झालं.
मेकॅनिक टॉर्च घेऊन इंजिनात शिरला,
चिमट्यानं निळे धागे काढत बसला,
एक एक, पांढऱ्या ताटलीत.
खिडकीशी एक बाई कर्मचाऱ्यांवर खेकसत होती:
एका टोपीसाठी? एका टोपीसाठी आम्ही इथे रात्र काढायची?
तिला कुणी उत्तर दिलं नाही.
काय देणार?
हो बाई, टोपीसाठीच.
देवाच्या कृपेनं, फक्त टोपीसाठी.

बुधवारी लिसांद्रो येईल असं मला वाटलं नव्हतं.
आला. रेघेमागे उभा राहिला,
हात पाठीशी बांधून,
शाळेत शिक्षा झाल्यासारखा.
गोगलगाय दिसली. दिवा विझला.
नीबाल्दोनं बोट वर केलं,
तरी तो तिथेच.
ओठ हलत होते, काहीतरी मोजत होता.
कुणी घाई केली नाही.

मग ठोकळा घेऊन गेला, वाकला,
चाकाला घट्ट लावला, लाथ मारून बघितला.

केस वाऱ्यानं डोळ्यांत, कान लालभडक.
मी म्हटलं, याला एखादी टोपी द्यायला हवी.
नीबाल्दोनं हातमोजा चढवला.
दोन रिकामी बोटं वाऱ्यात लुळी हलली.
म्हणाला, देऊ.
पण हा महिना राहू दे तसाच.